दक्षिण उतारावरचे शून्य

कल्पना करा, नुकतंच उजाडतंय आणि तुम्हाला एका झाडाखाली बारा मिनिटं उभं राहायचं आहे. झाडाला टेकायचं नाही, सालीचा आवाज होतो. रेनकोट घालायचा नाही, तो कुरकुरतो. पायात रबरी बूट, पण ते आधी ओले करून घ्यायचे, कारण कोरडं रबर एकमेकांवर घासलं की चिरकतं. पहिली दोन मिनिटं काहीच करायचं नाही. तुम्ही चालत आलात म्हणून जंगल गप्प झालेलं असतं, त्याला परत बोलतं व्हायला तेवढा वेळ लागतो. मग डोळे मिटायचे आणि पुढची दहा मिनिटं फक्त ऐकायचं. जे ऐकू येईल त्याचं नाव हळू आवाजात घ्यायचं, हाताने दिशा दाखवायची आणि अंतर सांगायचं: दहा पावलं, तीस पावलं, लांब. तुमच्या पाठीमागे एक जण फळीला लावलेल्या कागदावर ते लिहून घेतो. कागदावर एकात एक अशी तीन वर्तुळं असतात. मधला ठिपका म्हणजे तुम्ही. तोच पक्षी दोनदा बोलला तर तो एकच आहे हे तुम्हाला कळलं पाहिजे. दोन पक्षी एका सुरात बोलले तर ते दोन आहेत हेही कळलं पाहिजे. काहीच ऐकू आलं नाही तर दहा मिनिटं संपल्यावर म्हणायचं, "शून्य."

आता हे एकतीस वर्षं करा.

थोरलीने ते केलं. थोरली म्हणजे दोन जावांमधली मोठी. टेकडीच्या पायथ्याशी एक संशोधन केंद्र आहे, चार खोल्या, एक लांब व्हरांडा आणि मागे जीपची शेड. तिथे ती आणि तिची जाऊ बरोबरच काम करायच्या, म्हणून साहेबांपासून ड्रायव्हरपर्यंत सगळे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायला लागले. ड्रायव्हर घरी फोन करून विचारायचा, "थोरली आहे का?" आणि तिचा नवरा म्हणायचा, "मला एकच आहे बाबा. तिला थोरली म्हण नाहीतर धाकटी म्हण, येणार तीच."

केंद्रात ती लागली होती झाडलोटीला. तेव्हाचे मोठे साहेब एका पाहुण्याला व्हरांड्यात उभं करून एका पक्ष्याचा आवाज ऐकवू बघत होते आणि पाहुण्याला काही केल्या तो सापडत नव्हता. थोरली फरशी पुसत होती. फडकं पिळता पिळता ती म्हणाली, "तिकडे कशाला बघताय, तिथला उडाला. आता दोन आहेत, दोन्ही टाकीच्या मागे." साहेब जाऊन बघून आले. दोन होते. आठवड्याभरात तिच्या हातातलं फडकं गेलं आणि तिला पहाटे जंगलात न्यायला लागले.

"कानाचं काय एवढं कौतुक," ती म्हणायची. "लग्नानंतर आठ माणसं एका खोलीत. कोण कुठे काय पुटपुटतंय हे न बघता कळायला लागतं."

धाकटी लिहायला आली. तिचं अक्षर बारीक आणि सरळ होतं आणि चालता चालताही ती ओळ सोडत नसे. पहिल्या हंगामात दोघीही ऐकायच्या, दोघीही सांगायच्या. शेवटी बेरीज केली तेव्हा पक्षी दुप्पट निघाले. मोठे साहेब चिडले. त्या दिवसापासून केंद्रात नियम झाला की ऐकणाऱ्याने बोलायचं आणि लिहिणाऱ्याने फक्त लिहायचं. लिहिणाऱ्याने वर बघायचं नाही, खुणावायचं नाही, आपल्याला काय ऐकू आलं हे नंतरसुद्धा सांगायचं नाही. एकदा धाकटी चुकून बोलून गेली, "जाऊबाई, डावीकडे." तो सगळा दिवस रद्द करून परत मोजावा लागला. त्यानंतर ती कधी बोलली नाही.

ज्या पक्ष्यासाठी हा सगळा व्याप होता तो त्या टेकडीवर आणि शेजारच्या दोन टेकड्यांवर राहतो, आणखी कुठेही नाही. पुस्तकात त्याला लांबलचक नाव आहे. केंद्रात त्याला सुई म्हणतात. अंगठ्याएवढी, पानाच्याच रंगाची, सगळा जन्म झाडांच्या शेंड्यावर काढणारी. खालून ती दिसत नाही. थोरलीने ती एकतीस वर्षांत तीनदा पाहिली, त्यातली एक मेलेली. म्हणून सुई मोजायची ती कानानेच. माणसाच्या बोलण्यातला बराचसा भाग सेकंदाला तीनशे ते तीन हजार कंपनांमध्ये बसतो. सुई बोलते सात-साडेसात हजारांवर. नव्या माणसाला पहिले काही दिवस तो आवाज आहे हेच कळत नाही. मग एकदा कळला की वाटतं, हा तर सगळीकडे होता.

केंद्रात पाहुणे आले की साहेब सांगायचे, "आपल्याकडे एका टेकडीवर जेवढ्या जाती आहेत तेवढ्या काही सबंध देशांत नाहीत." पाहुणे गेल्यावर ते तेच वाक्य पुढे न्यायचे. "आणि जायला लागल्या की त्याच हिशेबाने जातात."

उत्तर उतारावर मोजणीच्या बारा जागा होत्या, दक्षिण उतारावर नऊ. नकाशावर दोन्ही उतारांभोवती हिरवी रेघ होती. रेघेच्या आत खणायचं नाही, तोडायचं नाही. उत्तरेची रेघ बऱ्याच गोष्टींवर टिकून होती, एक बेडूक, दोन फुलझाडं, एक गोगलगाय. दक्षिणेची रेघ होती एकट्या सुईच्या नावावर. ती लागोपाठ तीन हंगाम एकाही जागेवर आढळली नाही तर रेघ पुसायची, असं लिहिलेलं होतं. त्या उताराच्या पायथ्याशी जुनी दगडखाण होती आणि खाणवाल्यांना वर सरकायचं होतं.

दक्षिण उतारावर पहिल्या वर्षी एक्केचाळीस सुया होत्या. मग सव्वीस, सतरा, असं होत होत नऊ, मग तीन. कारणं दिसतच होती. खाणीची धूळ पानांवर बसत होती. खालच्या मळ्यांत फवारणी वाढली होती. वस्तीतली मांजरं वरपर्यंत जायला लागली होती. कारणं इतकी होती की आणखी एखादं शोधायची कोणाला गरज पडली नाही.

मग शून्य. पुढच्या हंगामात शून्य. त्याच्या पुढच्या हंगामात नवव्या जागेवर थोरलीने डोळे उघडले आणि म्हणाली, "शून्य." धाकटीने लिहिलं. दोघींनी थर्मासमधला चहा घेतला आणि खाली आल्या. वर्ष व्हायच्या आत उतारावर यंत्रं चढली. आज व्हरांड्यातून पाहिलं तर समोर राखाडी पायऱ्या दिसतात, प्रत्येक पायरी दोन मजली घराएवढी. दुपारी दोन वाजता भोंगा होतो, मग सुरुंग. व्हरांड्यातले कप थोडेसे सरकतात. थोरली आपला कप आधीच भिंतीकडे ठेवते.

याला सहा वर्षं झाली. एव्हाना उत्तर उतारावरही सुईचं शून्यच यायला लागलं होतं. गेल्या वर्षी केंद्रात रेकॉर्डर आले. त्यांच्याबरोबर एक मुलगी आली, नुकतीच शिकून आलेली, खांद्यावर बॅग आणि बॅगेत नुसत्या वायरी. तिने उत्तर उताराच्या बारा झाडांवर हिरवे डबे बांधले. डबे आपोआप सुरू होत, आपोआप बंद होत. महिन्याने तिने ते उतरवले आणि दोन दिवस कॉम्प्युटरसमोरून उठली नाही. तिसऱ्या दिवशी धावत व्हरांड्यात आली आणि सगळ्यांना आत बोलावलं.

"सुई आहे," ती म्हणाली. "बारापैकी अकरा जागांवर. ऐका."

तिने स्पीकर लावला. साहेबांनी डोळे मिटले. ड्रायव्हर म्हणाला, "हीच का ती? एवढीशी?" धाकटी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

थोरली वाट बघत होती. स्पीकरमधून खरखर येत होती, पानांवरून थेंब पडल्यासारखी, आणि लांबवर एक कावळा. बराच वेळ झाला.

"लाव की," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"लावलंय, मावशी," मुलगी म्हणाली. "चालू आहे. हे बघा, आत्ता. आणि परत आत्ता." तिने पडद्यावर बोट ठेवलं. आवाजाचं चित्र डावीकडे सरकत होतं. खाली कावळ्याचा जाड डाग, आणि वर, पार वर, बारीक टाके घातल्यासारख्या रेघा. एक, दोन, तीन, थोडी जागा, एक, दोन, तीन.

थोरलीने टाके सरकताना पाहिले. खोलीत खरखर होती.

"हां," ती म्हणाली. "छान आलंय."

त्या संध्याकाळी घरी नातीला कणकण होती. थोरलीने तिच्या काखेत थर्मामीटर लावला आणि धरून बसली. पाच मिनिटांनी नात म्हणाली, "आजी, कधीचं वाजलं." थोरलीने थर्मामीटर काढून पाहिला. ताप जास्त नव्हता. मग तिने तो स्वतःच्या काखेत लावला, वाजेपर्यंत आकडा बघत राहिली, आकडा थांबला. तिला काही ऐकू आलं नाही.

नवरा म्हणाला, "एका परीने बरं झालं. माझं घोरणंही बंद झालं असेल तुझ्यापुरतं."

"ते येतं," ती म्हणाली. "ते खालच्या सुरातलं आहे."

कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे एक छोटी खोली होती, भिंतींना खाचाखाचांचा स्पंज लावलेली. थोरलीला आत बसवून कानांवर हेडफोन घातले आणि हातात बटण दिलं. ऐकू आलं की दाबायचं. तिने सवयीने डोळे मिटले. सुरुवातीचे आवाज इतके सोपे होते की तिला बाईंची कीव आली. मग आवाज चढत गेले आणि एका ठिकाणी संपले. मशीन बंद पडलं असेल म्हणून ती थांबून राहिली. बाईंनी दार उघडलं तेव्हा म्हणाली, "एवढंच?"

बाईंनी तक्ता दाखवला. रेघ अर्ध्यापर्यंत सपाट चालत आली होती आणि तिथून सरळ खाली पडली होती.

"बोलणं नीट ऐकू येतं ना? म्हणून कळलं नाही तुम्हाला. वरचे सूर गेलेत. वयाने होतं. काम काय करता?"

"ऐकायचं."

बाई हसल्या. मग हसायच्या थांबल्या.

"कधीपासून झालं असेल?" थोरलीने विचारलं.

"हे एका दिवसात होत नाही. आठ वर्षं, बारा वर्षं. हळूहळू."

"नक्की वर्ष सांगा."

"ते कोणालाच नाही सांगता यायचं."

थोरलीने तक्त्याची घडी करून पर्समध्ये ठेवली. बसमध्ये तिला खिडकीजवळ जागा मिळाली. घरी येऊन तिने वरण गरम केलं, जेवली, भांडी घासली. काही वाटतंय का हे ती तपासून बघत होती, जीभ फिरवून दुखरा दात शोधतात तसं. काही सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने तो तक्ता रेकॉर्डरवाल्या मुलीसमोर उलगडला. मुलीने खाली पडलेल्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मावशी, सगळ्या वर्षांचे कागद आहेत?"

कागद शेडमध्ये होते, वर्षावार सुतळीने बांधलेले. दोघींनी ते लांब टेबलावर मांडले. मुलगी शिकलेली होती, तिला जे पाच मिनिटांत दिसलं ते थोरलीला एकतीस वर्षांत दिसलं नव्हतं. पहिल्या वर्षांच्या कागदांवर सुईच्या खुणा तिन्ही वर्तुळांत पसरलेल्या होत्या. पुढे बाहेरचं वर्तुळ रिकामं झालं. मग मधलं. शेवटी ज्या काही खुणा होत्या त्या सगळ्या आतल्या वर्तुळात, दहा पावलांच्या आत, ठिपक्याला चिकटून.

"पक्षी कमी होतात तेव्हा असे होत नाहीत," मुलगी म्हणाली. "जवळचेही जातात, लांबचेही जातात. इथे आधी लांबचे गेलेत." तिने एक कागद सरळ केला. "म्हणजे पक्षी कमी झालेच असतील, मावशी. धूळ खरी आहे, फवारणी खरी आहे. पण त्यातले पक्ष्यांचे किती आणि तुमच्या कानाचे किती, हे या कागदांवरून वेगळं नाही करता येत."

"पहिल्या शून्याचं वर्ष काढ."

तिने काढलं. त्या वर्षी उत्तर उतारावर चार सुया होत्या, चारही आतल्या वर्तुळात. दक्षिणेला शून्य.

"म्हणजे त्या वर्षी मला जवळचं ऐकू येत होतं."

"हो. पण दक्षिणेची झाडं उंच होती ना? उत्तरेपेक्षा?"

"दुप्पट."

"मग शेंड्यावरची सुई दहा पावलांच्या आत येतच नाही."

थोरलीने तिन्ही वर्षांचे कागद शेजारी शेजारी लावले. तिन्ही शून्यं खरी असती तर रेघ जायचीच होती. तिन्हीतलं एक जरी खोटं असलं तर रेघ राहायला हवी होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचं तिला आता काही सांगता येणार नव्हतं, तोवर तिला जवळचंही जेमतेम ऐकू येत असणार. पहिलं वर्ष तेवढं उरलं होतं.

कागदांवरचं सगळं अक्षर धाकटीचं होतं.

धाकटी केंद्राच्या मागे नळावर कप विसळत होती. थोरली तिच्या शेजारी उभी राहिली आणि एकेक कप पुसायला लागली.

"परवा ते लावलं होतं, तुला ऐकू आलं ना?"

"आलं."

"आधीही यायचं?"

धाकटीने नळ बंद केला नाही. "मला कुठे ऐकायला ठेवलं होतं? मी लिहीत होते."

"सरळ सांग."

"सरळच सांगतेय, जाऊबाई. सातव्या जागेवर एकदा आलं होतं. दक्षिणेला. अगदी बारीक, त्सी त्सी. मला वाटलं किडा असेल. तुम्ही शून्य म्हणालात, मी शून्य लिहिलं."

"मग बोलली का नाहीस?"

"एकदा बोलले होते ना. पंधरा दिवस कोणी माझ्याशी धड बोललं नव्हतं. तुम्ही धरून. घरी सुद्धा. भाजीत मीठ कमी झालं तरी नवऱ्यामार्फत निरोप यायचा."

थोरलीला ते आठवत होतं.

"कोणत्या वर्षी आलं ते?"

"माझी दाढ दुखत होती तेव्हा. लक्षात राहिलं ते त्यामुळेच, आवाज नेमका दाढेत जाऊन टोचल्यासारखा झाला. दुसऱ्या दिवशी जाऊन काढून आले."

"दाढ कधी काढलीस?"

धाकटीने हात पुसले आणि बोटांवर मोजायला लागली. मग थांबली. "दाढा दोन काढल्यात," ती म्हणाली. "एक डावी, एक उजवी. एक शून्याच्या आधीच्या वर्षी आणि एक शून्याच्या वर्षी. दोन्ही हंगामातच."

"कोणती दुखत होती त्या दिवशी?"

"आता दोन्ही नाहीत, जाऊबाई. दुखणं कोणत्या बाजूला होतं ते कसं सांगू?"

नळ चालूच होता. थोरलीने तो बंद केला. आधीच्या वर्षी सातव्या जागेवर एखादी सुई सुटली असेल तर तिने काही फरक पडत नव्हता. त्या वर्षी तीन लिहिल्याच होत्या.

"साहेबांना सांगणार आहात?" धाकटीने विचारलं.

"हो."

"मग मी ऐकलं होतं हे सांगू नका."

"का?"

"नियम मोडला म्हणतील," धाकटी म्हणाली. ती थट्टा करत होती की नाही ते थोरलीला कळलं नाही.

साहेब, म्हणजे आताचे, तरुण नव्हते आणि वाईटही नव्हते. त्यांच्या टेबलावर एक कागद आधीच तयार होता. सुई परत आली अशी बातमी जाणार होती आणि त्यासोबत जुन्या मोजण्या ठरल्या पद्धतीने झाल्याचं निवेदन हवं होतं, मोजणाऱ्याच्या सहीचं.

थोरलीने तक्ता त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो पाहिला, उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली आणि परत सरळ केला.

"परत आली नाही, साहेब," ती म्हणाली. "ती होतीच. मला ऐकू येत नव्हतं."

"उत्तरेला होती."

"दक्षिणेलाही असेल."

"असेल. नसेलही." त्यांनी चष्मा काढला. "मावशी, मी तुम्हाला खोटं लिहायला सांगत नाही. मोजणी पद्धतीप्रमाणेच झाली. तुम्ही बारा मिनिटं उभ्या राहिलात, धाकटीने लिहिलं. यात चूक काय आहे?"

"चूक नाही. तेच तर."

"हे बघा. तुमच्या कानावर अजून दोन टेकड्या उभ्या आहेत. तिथलं घुबड, तिथला सुतार, सगळं तुमच्या कागदांवर आहे. उद्या आपणच म्हटलं की आमच्या मोजणीबाईंचे कान गेलेले होते, तर खाणवाले म्हणतील, मग तिथे जे ऐकलं ते तरी कशावरून खरं?"

"ते खरं आहे. ते खालच्या सुरातले आहेत."

"मला माहीत आहे. त्यांना समजावून सांगणार कोण?" बाहेर भोंगा झाला. साहेबांनी पेनस्टँडवर हात ठेवला. सुरुंग झाला, काचा थरथरल्या, त्यांनी हात काढला. "दक्षिण उतार आता नाहीच. नसलेल्या जागेसाठी असलेल्या दोन घालवायच्या का, एवढं सांगा."

थोरलीने तक्त्याची घडी केली. त्यांच्या बोलण्यात तिला खोट दिसत नव्हती. तिला त्यांचा राग यायला हवा होता, पण तोही आला नाही.

"सही करते," ती म्हणाली. "पण खाली शेऱ्याची चौकट आहे. त्यात पहिल्या शून्याचं लिहीन. खरं काय ते कळलं की."

"कळणार कसं?"

"बघते."

साहेबांनी कागद तिच्याकडे सरकवला. "शुक्रवारपर्यंत," ते म्हणाले.

रेकॉर्डरवाल्या मुलीने शोध घेतला. पहिल्या शून्याच्याच हंगामात खाणीच्या आवाजाची तक्रार झाली होती आणि कुठल्याशा कंपनीने दक्षिण उतारावर आवाज मोजायची यंत्रं आठवडाभर लावली होती. मुलीने फोन केले, पत्र पाठवलं, शेवटी एका ओळखीच्या मुलाकडून फाइल मिळवली. यंत्राची जागा फाइलच्या नावातच होती. सातव्या झाडापासून चाळीस पावलं. तारीख हंगामातली. वेळ सकाळी पावणेसहा.

गुरुवारी दुपारी दोघी कॉम्प्युटरसमोर बसल्या. धाकटी न बोलावता आली आणि मागे उभी राहिली.

मुलीने फाइल उघडली. पडद्यावर चित्र उमटायला लागलं. खाली ट्रकचे जाड पट्टे. त्यावर सुताराची ठकठक, ती थोरलीला ऐकूही आली. त्यावर बुलबुल. त्यावर पडद्याच्या मध्यावर एक सरळ आडवी कड, सुरीने कापल्यासारखी. कडेच्या वर काळं होतं. डावीकडून उजवीकडे नुसतं काळं.

मुलीने आवाज वाढवला, चित्राचा रंग बदलला, मग हात मांडीवर ठेवले.

"सकाळ आहे, मावशी. सगळे बोलतायत. पण वरचं नाही."

"म्हणजे सुई नव्हती?"

"तसं नाही. त्यांना ट्रक मोजायचे होते. ट्रक खालच्या सुरात असतो. जागा वाचावी म्हणून त्यांनी यंत्राला सेकंदाला आठ हजार वेळाच नोंद घ्यायला लावलं. आठ हजार नोंदी घेतल्या की चार हजार कंपनांपर्यंतचाच आवाज उरतो. त्याच्या वरचं येतच नाही. सुई सात हजारांवर. ती याच्या शेजारी बसून दिवसभर बोलली असती तरी इथे काळंच दिसलं असतं."

"यंत्रालाही ऐकू येत नव्हतं," धाकटी मागून म्हणाली.

"नव्हतं," मुलगी म्हणाली.

थोरलीने फाइल पुन्हा सुरुवातीपासून लावायला सांगितली. मुलीने लावली. तिघी बघत राहिल्या, सगळी दहा मिनिटं. ट्रक गेला, बुलबुल बोलला, सुतार थांबला आणि पुन्हा सुरू झाला. वरचं काळं हललं नाही.

"आणखी कोणाकडे काही असेल?" थोरलीने विचारलं.

"मी विचारलं सगळ्यांना."

"बरं."

थोरलीने पर्समधून निवेदनाचा कागद काढला आणि टेबलावर सपाट केला. लिहायची तिला सवय नव्हती, एकेक अक्षर ती थांबून काढते. धाकटी पेन घ्यायला पुढे झाली, थोरलीने मान हलवली. आधी तिने सही केली. मग शेऱ्याच्या चौकटीत तिने त्या हंगामाचं वर्ष लिहिलं, दक्षिण उतार लिहिलं, जागा क्रमांक सात लिहिलं, आणि चौकटीत राहिलेल्या जागेत हे लिहिलं:

त्या दिवशी तिथे सुई होती का?